‘निवासी’ म्हणजे नेमके कोण? कोकणातल्या मुलांच्या वॉर्डांची पार्श्वभूमी

अलिबाग आणि सिंधुदुर्गातल्या ओरोसला २०२१-२२ पासून आणि रत्नागिरीला २०२३-२४ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तिन्ही ठिकाणी ते जिल्हा रुग्णालयाला जोडलेले आहे. ज्या बालरुग्ण विभागात आधी फक्त उपचार होत, तिथे आता शिकवणेही आले. दिवसरात्र वॉर्डाची जबाबदारी घेणारा, तपासणारा, नातेवाइकांशी बोलणारा आणि शिकाऊ डॉक्टर-नर्सना घडवणारा बालरोगतज्ज्ञ अमेरिकेत ‘हॉस्पिटलिस्ट’ या नावाने ओळखला जातो. आपल्याकडे या कामाला वेगळे नाव नाही. जवळचा शब्द ‘निवासी’, आणि सगळा गुंता त्याच शब्दात आहे.

जुन्या काळाबद्दल थोडक्यात. वेंगुर्ल्याच्या मिशन हॉस्पिटलसारखे मोजके अपवाद वगळले तर आजारी पोराला घेऊन बोट, नंतर एसटी पकडायची, हाच कोकणाचा रिवाज होता. उत्तरेकडचे लोक मुंबईला जात, कारण परळला १९२९ पासून खास मुलांचे रुग्णालय होते. सावंतवाडी-दोडामार्गकडचे लोक गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जात, आजही जातात. १९७०-८० नंतर चिपळूण, महाड, कुडाळ, कणकवली अशा गावांत मुलांचे डॉक्टर येऊन स्थिरावले. खाली दवाखाना, मागे चार-सहा खाटा, वर घर. रात्री दोनला बाळ निळे पडले की जिना उतरून यायचे. सलाइन लावणाऱ्या मुलीला शिकवायचे तेही त्यांनीच. हॉस्पिटलिस्टचे काम ते नाव येण्याआधीच या डॉक्टरांनी केले, असे माझे ठाम मत आहे.

त्या काळाचा सर्वांत मोठा पुरावा महाडचा. लाल विंचवाच्या दंशाने मुले दगावण्याचे प्रमाण तिथे भयंकर होते. उलट्या, दरदरून घाम, थंडगार हातपाय, मग फुप्फुसात पाणी. १९८० च्या आसपास तिथल्या एका सरकारी डॉक्टरांनी अशा रुग्णांच्या उशाशी तासन्‌तास बसून नोंदी ठेवल्या आणि रक्तदाबाचे एक साधे औषध, प्राझोसिन, वापरून पाहिले. पुढे ते जगभर स्वीकारले गेले. दहा मिनिटांच्या राऊंडमध्ये असा शोध लागत नाही.

‘हॉस्पिटलिस्ट’ हा शब्द यानंतरचा. १९९६ साली एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात तो मोठ्यांच्या आजारांसंदर्भात पुढे आला आणि मुलांच्या डॉक्टरांनी तो लवकरच उचलला. कामे वाढत गेली: प्रसूतीच्या वेळी बाळासाठी हजर राहणे, शस्त्रक्रियेच्या मुलांकडे सर्जनच्या जोडीने पाहणे, तपासणीसाठी मुलाला गुंगी देणे, गंभीर मुलाला दुसरीकडे हलवताना सोबत जाणे. २०१६ मध्ये तिथे ही स्वतंत्र उपशाखा झाली आणि २०१९ मध्ये पहिली परीक्षा. परीक्षेला कोणाचा अनुभव ग्राह्य धरायचा यावर तिथेही वाद पेटला; कामात खंड पडलेल्यांना, म्हणजे बाळंतपणाची रजा घेतलेल्या डॉक्टरांनाही, अट आडवी येत होती. खंडाची ती अट काढावी लागली.

आपल्याकडे वळण आले ते २००५ नंतर, ग्रामीण आरोग्याच्या राष्ट्रीय अभियानाच्या पैशातून. जिल्हा रुग्णालयांत नवजात शिशूंचे विशेष कक्ष उघडले गेले. लोकांच्या भाषेत, ‘बाळाला पेटीत ठेवलंय’. वॉर्मर, फोटोथेरपी, ऑक्सिजन ही यंत्रे आली. दीड किलोच्या बाळाला दर दोन-तीन तासांनी दूध, साखरेची तपासणी आणि श्वासावर सतत नजर लागते, तेव्हा सकाळी एकदा येऊन जाणारा डॉक्टर या कक्षाला पुरत नाही. म्हणून डॉक्टर आणि नर्स भरल्या गेल्या, पण बहुतेक कंत्राटी. अकरा महिन्यांची ऑर्डर, मग एक-दोन दिवसांचा खंड, मग पुन्हा ऑर्डर. हात बसलेली नर्स इथूनच दुसरीकडे जाते आणि शिकवणे पहिल्यापासून सुरू होते. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या अशाच कक्षाला आग लागून १० बाळे गेली. त्यानंतर तपासण्या मुख्यतः वीज आणि अग्निशमनाच्या झाल्या. रात्री कक्षात कोण असते, हा प्रश्न मात्र तितक्या जोराने विचारला गेला नाही.

आता ‘निवासी’कडे. वॉर्डाबाहेर बसलेल्या आईला ‘निवासी डॉक्टर येतील’ असे सांगितले, तर किमान चार वेगळी माणसे येऊ शकतात. पहिला, एमडी करणारा विद्यार्थी. त्याला पूर्वी हाऊसमन, रजिस्ट्रार म्हणत. दुसरा ‘वरिष्ठ निवासी’: तो एमडी झालेला असतो, आणि सहायक प्राध्यापक व्हायला सहसा हे एक वर्ष लागते. तिसरा खासगी रुग्णालयातला आरएमओ, म्हणजे निवासी वैद्यकीय अधिकारी. रात्रभर जागणारा हाच, पण बहुतेक वेळा तो आयुर्वेद किंवा होमिओपॅथीचा पदवीधर असतो आणि मुख्य डॉक्टरांना फोन लावून त्यांच्या सांगण्यावरून औषध देतो. चौथा, जिल्हा रुग्णालयातला ‘निवासी वैद्यकीय अधिकारी (बाह्यसंपर्क)’. नावात निवासी असले तरी हे पद शिबिरांचे आणि कारभाराचे. मुलांच्या वॉर्डात कायम असणारा पूर्ण शिकलेला तज्ज्ञ या चौघांत बसत नाही.

त्यात सप्टेंबर २०२० मध्ये पाचव्याची भर पडली: जिल्हा निवासी. देशाच्या वैद्यकीय शिक्षणाच्या नियमात बदल होऊन प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याला तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करणे सक्तीचे झाले, २०२१ च्या प्रवेशापासून. हेतू दुहेरी सांगितला गेला: विद्यार्थ्याला गावाकडचे आजार दिसतील आणि जिल्ह्याला हात मिळतील. वाद नेमका या ‘आणि’वर आहे. विद्यार्थी शिकायला आला असेल तर त्याच्यावर देखरेख ठेवणारा बालरोगतज्ज्ञ तिथे आधी हवा. जिथे तज्ज्ञाचे पद रिकामे, तिथे विद्यार्थीच तज्ज्ञ ठरतो. विद्यार्थ्यांची बाजू अशी की राहायची सोय नाही, प्रबंधाचे काम अडते, आणि शिकवणारे कोणी नाही. जिल्ह्याची बाजू अशी की पावसाळ्यात लेप्टो, डेंग्यू आणि सर्पदंश एकदम येतात, तेव्हा एमडीच्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थीही मोलाचा असतो. दोन्ही खरे आहे. पण तीन महिने हा काळ कोकणाला फार थोडा. बाहेरून आलेल्या मुलाला मालवणी कळू लागते, ‘पोर सुस्त झालाहा’ म्हणजे आई किती घाबरली आहे हे उमगू लागते, आणि त्याची जायची तारीख येते. या योजनेने कायम नेमणुकीची निकड कमी झाल्यासारखी दाखवली, हे तिचे मला सर्वांत मोठे नुकसान वाटते.

शिकवणे म्हणजे काय, याचे एक उदाहरण फुरसे या विषारी सापाचे. कोकणात कातळावर, गवतात, लाकडांच्या ढिगात फुरसे सर्रास असते. ते चावले की रक्त गोठेनासे होते. त्याची चाचणी अगदी साधी: कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत थोडे रक्त घ्यायचे, वीस मिनिटे न हलवता ठेवायचे, मग तिरपी करून पाहायची. नळी प्लास्टिकची असली किंवा साबणाने धुतलेली असली तर निकाल चुकतो. लहान मुलाला सापाच्या विषावरची लस (प्रतिविष) मोठ्या माणसाइतकीच द्यावी लागते, कारण सापाने विष वजन बघून सोडलेले नसते. आणि लस दिल्यावर सहा-सहा तासांनी चाचणी पुन्हा करायची असते, म्हणजे रात्री दहाची, पहाटे चारची. हे पुस्तकात आहे. तरी नव्या नर्सला आणि इंटर्नला ते हाताला धरून, पहाटे चारलाच शिकवावे लागते. २०१६ मध्ये दोडामार्ग भागात गोचिडीतून पसरणाऱ्या माकडतापाचे रुग्ण आढळले, तेव्हाही काजूच्या बागेत जाऊन आलात का, जंगलात माकडे मेलेली दिसली का, हे विचारायची सवय अशीच वॉर्डात लावावी लागली.

महाविद्यालये आल्यामुळे आता एकाच वॉर्डात दोन खात्यांची माणसे आहेत. आरोग्य खात्याचे डॉक्टर जिल्हा शल्यचिकित्सकांकडे बघतात, वैद्यकीय शिक्षण खात्याचे अधिष्ठात्यांकडे (डीनकडे). प्राध्यापकाच्या पदाला हजेरी, व्याख्याने आणि शोधनिबंध मोजले जातात. वॉर्डात काढलेली रात्र आणि शिकवलेली नर्स मोजायला रकाना नाही. चिपळूणजवळ डेरवणला २०१५ पासून खासगी ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे शिक्षक आवारातच राहतात, त्यामुळे हा प्रश्न थोडा सौम्य होतो. सरकारी महाविद्यालयांत एमबीबीएसच्या पहिल्या तुकड्या इंटर्नशिपपर्यंत पोचल्या की त्यांना मुलांच्या वॉर्डात रात्री कोणाच्या हाताखाली ठेवायचे, हे जिल्ह्याजिल्ह्यात ठरवावे लागणार आहे.