नियमित व्यायामाने शरीरात काय बदलते आणि ते किती दिवस टिकते
(ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

आमच्या व्यायामकेंद्रात नाव नोंदवायला येणारे बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात, तो फरक किती दिवसांत दिसेल हा. प्रश्न रास्त आहे. मात्र पडलेला फरक किती दिवस टिकेल, हे सहसा कोणी विचारत नाही, आणि आमच्या मते तोच प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. व्यायामाचे काही परिणाम काही तासांत ओसरतात, काही दोन दिवस राहतात, काही उतरायला महिने लागतात. पण कायमचा असा त्यांतला एकही नाही. हे एकदा ध्यानात आले, की 'नियमित' या शब्दावर आम्ही एवढा भर का देतो, ते वेगळे सांगावे लागत नाही.

व्यायाम आणि हृदयविकार यांचा संबंध आकडेवारीने दाखवणाऱ्या आरंभीच्या अभ्यासांपैकी एक 1953 साली प्रसिद्ध झाला. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील चालक आणि वाहक यांची तुलना केली. चालक दिवसभर बसून असत, तर वाहक तिकिटे देण्यासाठी दिवसभर जिना चढत-उतरत. वाहकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण कमी आढळले, आणि तो झालाच तर उशिरा व कमी घातक स्वरूपात झाला. चालक मुळातच स्थूल असतील तर काय, अशी शंका येणे साहजिक होते. ती तपासण्यासाठी मॉरिस यांनी पुढे कर्मचाऱ्यांच्या गणवेशांची मापे पाहिली, तेव्हा चालकांच्या विजारींची कंबर खरोखरच मोठी निघाली. म्हणजे या एका तुलनेतून सगळे सिद्ध होत नव्हते. परंतु त्यानंतरच्या अनेक दशकांत वजन, धूम्रपान आणि वय यांचा हिशेब वेगळा काढून केलेल्या अभ्यासांतही हालचाल करणाऱ्यांच्या बाजूनेच कौल येत राहिला.

हृदय आणि रक्तदाब

दम वाढवणारा व्यायाम, म्हणजे भरभर चालणे, धावणे, पोहणे किंवा सायकल चालवणे, सुरू केल्यावर पहिल्या एक-दोन आठवड्यांतच रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढू लागते. पुढे हृदय प्रत्येक ठोक्याला आधीपेक्षा अधिक रक्त पुढे ढकलते, त्यामुळे तेवढ्याच कामासाठी त्याला कमी ठोके पुरतात. प्रौढ व्यक्तीचे विश्रांतीच्या वेळचे ठोके साधारणपणे मिनिटाला 60 ते 100 असतात. लांब पल्ल्याच्या कसलेल्या धावपटूंमध्ये ते 40 ते 50 पर्यंतही उतरलेले आढळतात. आपले ठोके तेवढे उतरायची गरज नाही. काही महिन्यांत चार-सहा ठोके कमी झाले, तरी हृदयावरचा भार हलका झाल्याचे ते चांगले लक्षण आहे.

रक्तदाबाच्या बाबतीत दोन वेगवेगळे परिणाम एकत्र काम करतात. व्यायामाच्या एकाच सत्रानंतर रक्तवाहिन्या सैलावतात आणि पुढचे कित्येक तास रक्तदाब थोडा खाली राहतो. व्यायाम आठवडेच्या आठवडे चालू राहिला, तर हा उतार टिकून राहतो: ज्यांचा रक्तदाब मुळात जास्त आहे, अशांमध्ये वरचा आकडा सरासरी 5 ते 8 मिमीने उतरलेला दिसतो. एवढ्यावरून कोणी गोळी बंद करू नये. गोळीची मात्रा कमी करायची की नाही, हा निर्णय डॉक्टरांचा आहे, आमच्या प्रशिक्षकांचा नाही आणि आपलाही नाही.

रक्तातील साखर

आमच्या पाहण्यात या भागाकडे सर्वांत कमी लक्ष जाते, वास्तविक नियमितपणाचे कारण येथेच सर्वांत स्पष्ट दिसते. एरवी रक्तातील साखर स्नायूंच्या पेशींत शिरण्यासाठी इन्सुलिनची गरज असते. स्नायू काम करू लागला, की साखरेला आत घेणारी वाहक प्रथिने इन्सुलिनची वाट न पाहता पेशीच्या आवरणाकडे सरकतात आणि साखर आत घेतली जाते. ज्यांच्या शरीरात इन्सुलिनचा परिणाम मंदावलेला आहे, त्यांच्यातही हा दुसरा मार्ग बऱ्याच अंशी शाबूत असतो, आणि टाइप 2 मधुमेहात व्यायामाचे मोल मुख्यतः यामुळेच आहे.

व्यायाम थांबल्यानंतरही स्नायू इन्सुलिनला अधिक चांगला प्रतिसाद देत राहतात, परंतु हा परिणाम साधारणपणे 24 ते 48 तासच टिकतो. म्हणूनच मधुमेह असलेल्यांनी व्यायामात सलग दोन दिवसांहून अधिक खंड पडू देऊ नये, असे सांगितले जाते. रविवारी तीन तास घाम गाळून उरलेला आठवडा खुर्चीत काढणाऱ्याला हृदयाचा काही लाभ होईलही. साखरेच्या दृष्टीने मात्र त्याचा गुरुवार कोराच जातो. उलट जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालणाऱ्याची साखर त्या त्या जेवणानंतर कमी चढते.

मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या तीन हजारांहून अधिक लोकांवर अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष 2002 साली प्रसिद्ध झाले. आहारात बदल, 7 टक्के वजन उतरवण्याचे उद्दिष्ट आणि आठवड्याला किमान 150 मिनिटे हालचाल, असा कार्यक्रम दिलेल्या गटात नव्याने मधुमेह होण्याचे प्रमाण 58 टक्क्यांनी घटले. मेटफॉर्मिन हे औषध दिलेल्या गटात ते 31 टक्क्यांनी घटले. याचे सगळे श्रेय व्यायामाला देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही, कारण आहार आणि वजन यांचा वाटाही मोठा होता.

स्नायू, हाडे आणि तोल

वजने उचलायला लागल्यावर पहिल्या काही आठवड्यांत ताकद झपाट्याने वाढते, पण दंड किंवा मांड्या मात्र होत्या तशाच दिसतात. याचे कारण असे, की सुरुवातीला वाढते ते स्नायूंना एकत्र कामाला लावण्याचे मज्जासंस्थेचे कसब. स्नायूंचा आकार त्यानंतर वाढू लागतो. आरशात फरक दिसत नाही म्हणून महिन्याभरात येणे थांबवणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे, की फरक सुरू झालेला असतो, तो फक्त डोळ्यांना दिसत नसतो.

'आता या वयात काय उपयोग?' या प्रश्नाला आम्ही नेहमी 1990 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचे उत्तर देतो. वृद्धाश्रमात राहणाऱ्या, वयाने नव्वदीच्या आसपास असलेल्या दहा जणांना देखरेखीखाली आठ आठवडे मांड्यांसाठी वजनांचा व्यायाम देण्यात आला. ज्यांनी तो पूर्ण केला, त्यांच्या पायांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. व्यायाम थांबवल्यावर चारच आठवड्यांत तिचा जवळपास एक तृतीयांश भाग ओसरला, हा त्याच अभ्यासाचा कमी सांगितला जाणारा भाग आहे.

हाडांना भार लागतो. ज्या हाडावर वजनाचा किंवा हलक्या धक्क्याचा ताण येतो, ते हाड तेथे बळकट राहते. त्यामुळे पोहणे आणि सायकल हे हृदयासाठी उत्तम व्यायाम असले, तरी हाडांसाठी त्यांच्या जोडीला चालणे, जिने चढणे किंवा वजने उचलणे असावे लागते. उतारवयात हाड मोडते ते बहुधा पडल्यामुळे, म्हणून एका पायावर उभे राहणे किंवा खुर्चीचा आधार न घेता उठणे यांसारखे तोल सांभाळण्याचे व्यायाम आम्ही ज्येष्ठ सदस्यांना आवर्जून देतो. ते पाहणाऱ्याला किरकोळ वाटतात.

खंड पडल्यास

1966 साली अमेरिकेतील डॅलस येथे विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवण्यात आले. शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता एवढ्या अवधीत चतुर्थांशाहून अधिक घसरली. त्याच पाच जणांना तीस वर्षांनी पुन्हा तपासले, तेव्हा तीस वर्षांच्या वयोमानाने झालेली घट त्या तीन आठवड्यांच्या घटीपेक्षा कमी भरली. पन्नाशीत सुमारे सहा महिन्यांच्या सरावाने वयामुळे आलेली ती घट त्यांनी भरूनही काढली. आजारपणामुळे किंवा प्रवासामुळे खंड पडलेल्यांना यातून धसका बसावा असे नाही, कारण घसरण जशी लवकर होते, तशी ती भरूनही निघते. परत आल्यावर पहिल्या आठवड्यात पूर्वीच्या निम्म्याच भाराने सुरुवात करावी, एवढीच आमची विनंती असते.

वजनाविषयी थोडे स्पष्ट

केवळ व्यायामाने, आहारात काहीही न बदलता, वजन फारसे उतरत नाही. आमचा व्यवसाय पाहता हे आम्ही लिहू नये असे कोणाला वाटेल, पण काट्याकडे पाहून निराश होऊन सोडून जाणारा सदस्य आम्हाला त्याहून महाग पडतो. पोटाच्या आतल्या भागातील चरबी मात्र वजन तेवढेच राहिले तरी कमी होऊ शकते, आणि आरोग्याला अधिक धोका तिचाच असतो; म्हणून काट्यासोबत कमरेचे मापही घ्यावे. एकदा उतरवलेले वजन पुन्हा चढू न देण्यात व्यायामाची मदत मोठी असते. पोटाचे व्यायाम करून फक्त पोटाची चरबी मात्र घटत नाही. शरीर चरबी कोठून वापरायची, ते स्वतः ठरवते.

झोप लवकर लागणे, चिंता हलकी होणे आणि सौम्य ते मध्यम नैराश्यात उतार पडणे, हे परिणामही चांगले सिद्ध झालेले आहेत.

किती आणि कसा

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम किंवा 75 ते 150 मिनिटे जोरकस व्यायाम करावा आणि किमान दोन दिवस सर्व मोठ्या स्नायूंना ताण द्यावा. 65 वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्यातून तीन किंवा अधिक दिवस तोलाचे व्यायामही करावेत. मध्यम कशाला म्हणायचे, हे यंत्राशिवायही कळते: बोलता येते पण गाता येत नाही, तो मध्यम, चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो, तो जोरकस. सलग दहा मिनिटे चालले तरच ते हिशेबात धरायचे, ही जुनी अट या सूचनांत काढून टाकलेली आहे. आठवड्याला 150 मिनिटे जमत नसतील, तर 60 मिनिटे करावीत, कारण काहीच न करण्यापासून थोडे करण्यापर्यंतच्या टप्प्यातच लाभ सर्वाधिक वाढतो.

सुरुवात करण्यापूर्वी आम्हाला सांगावे

चालताना छातीत दुखणे किंवा दडपण येणे, चक्कर येऊन पडणे, थोड्या श्रमानेही धाप लागणे, यांपैकी काहीही होत असल्यास आधी डॉक्टरांना दाखवावे. इन्सुलिन किंवा साखर कमी करणारी काही औषधे घेणाऱ्यांची साखर व्यायामाच्या वेळी वा नंतर फार खाली जाऊ शकते, तेव्हा घाम फुटणे आणि हात थरथरणे ही लक्षणे ओळखून ठेवावीत. बीटा ब्लॉकर प्रकारची औषधे ठोके वाढू देत नाहीत. अशा सदस्यांनी मनगटावरच्या घड्याळापेक्षा बोलण्याच्या कसोटीवर विसंबावे. वजन उचलताना श्वास रोखून धरू नये, कारण त्याने रक्तदाब क्षणात उसळतो.

पहिल्या काही दिवसांत अंग आंबते. हे दुखणे 24 ते 72 तासांत सर्वाधिक असते आणि आपोआप जाते. त्याचा दोष स्नायूंत साठलेल्या आम्लाला दिला जातो, पण ते द्रव्य व्यायामानंतर साधारण तासाभरात निघून गेलेले असते. दुखते ते स्नायूतंतूंना झालेल्या सूक्ष्म इजेमुळे. सांध्यात टोचणारी, एकाच बाजूची किंवा वाढत जाणारी वेदना वेगळी असते आणि ती अंगावर काढू नये.

नोंदणीच्या दिवशी आम्ही आपल्याला एक कोरे कार्ड देतो. सकाळी उठल्यावर, अंथरुणातून बाहेर पडण्यापूर्वी, मनगटावर दोन बोटे ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजावेत आणि आठवड्यातून एकदा तो आकडा कार्डावर लिहावा. आठव्या आठवड्याला ते कार्ड आमच्या प्रशिक्षकांना दाखवावे; पुढचा व्यायाम त्यावरून ठरवता येतो.