बेल्ट काढून चेन टाकली की गाडीची ताकद वाढते?

हार्ले-डेव्हिडसनच्या स्पोर्टस्टर मोटरसायकलवाल्यांच्या गप्पांत हे हमखास ऐकू येतं: मागचं चाक फिरवणारा बेल्ट म्हणजे नुसतं रबर, त्याजागी चेन टाका, गाडी सुटेल. नुसतं रबर कसलं! त्या दातेरी पट्ट्याच्या पोटात भक्कम तंतू असतात. पिकअप वाढतो तो चेनसोबत बदललेल्या स्प्रॉकेटच्या, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकांच्या, दातांमुळे. मागे 51, पुढे 22 दाते म्हणजे गुणोत्तर 2.32, पुढे 21 केले की 2.43. खेच वाढते, पण त्याच वेगाला इंजिन जास्त फिरतं. इंजिनाची ताकद तेवढीच. स्पीडोमीटरचा सेन्सर गिअरबॉक्सवर असेल तर आकडाही चुकतो.

चेनचा खरा फायदा कच्च्या रस्त्यावर. पुलीत (बेल्टच्या दातेरी चाकात) खडा अडकला तर बेल्टला भोक पडतं, तुटला तर नवाच लागतो. चेन मात्र जोडकडी घालून तिथंच जोडता येते. बदल्यात दर काही दिवसांनी तेलाचे काळे हात.