चोवीस बिटांत आवाजाचा आकार

टेलिफोनवरचं साधं डिजिटल बोलणं सेकंदाला ६४,००० बिट खातं: आवाजाची ८,००० मोजमापं (नमुने), प्रत्येकी ८ बिट. तेच बोलणं याच्या आठव्या हिश्शात बसवायचं तर नमुने पाठवून भागत नाही. मग आवाजाचा साधारण २० मिलिसेकंदांचा एकेक तुकडा (फ्रेम) घेऊन, घसा-तोंडाच्या पोकळीचा त्या क्षणीचा परिणाम दहा आकड्यांत पकडतात. हे आकडे म्हणजे एलएसएफ (लाइन स्पेक्ट्रल फ्रिक्वेन्सी): चढत्या क्रमाने लागणाऱ्या दहा वारंवारता. (कंठातून येणाऱ्या मूळ ध्वनीचे बिट वेगळे, ते इथे सोडून देऊ.)

आकडे सुटे सुटे गोल केले तर फ्रेममागे चौतीसेक बिट लागतात. यातले बरेच वाया जातात, कारण माणसाच्या तोंडून कधी निघणारच नाहीत अशा जुळण्यांनाही जागा दिलेली असते. सदिश क्वांटीकरणात दहाही आकड्यांचा मिळून एक सदिश धरतात आणि शेडकार्डावरून रंग सांगावा तसा, आधीच तयार ठेवलेल्या नमुना-सदिशांच्या यादीतल्या (कोडबुकातल्या) सर्वांत जवळच्या नमुन्याचा फक्त क्रमांक पाठवतात. तेच कोडबुक ऐकणाऱ्याच्या बाजूलाही असतं.

कोडबुक बनवायची रूढ पद्धत लिंडे, बुझो आणि ग्रे यांची, १९८० सालची. रेकॉर्ड केलेल्या बोलण्यातून काढलेल्या सगळ्या सदिशांची (प्रशिक्षण सदिशांची) सरासरी काढा. तिला १.०१ आणि ०.९९ ने गुणून दोन नमुने करा. प्रत्येक सदिश जवळच्या नमुन्याकडे टाका, गटाची नवी सरासरी घ्या, आणि चूक घटायची जवळपास थांबेपर्यंत हेच चालू ठेवा. मग पुन्हा दुप्पट. मध्येच एखादा गट रिकामा पडतो. तो नमुना काढून सर्वांत भरलेला गट फोडावा. नमुन्यामागे पन्नासेक सदिश तरी हवेत, नाहीतर कोडबुक ठरावीक आवाज पाठ करतं आणि नव्या माणसापुढे किंवा वेगळ्या माइकपुढे अडखळतं.

खरी अडचण आकाराची. फ्रेममागे २४ बिट वापरायचे तर दहाही आकड्यांचं एकच सलग कोडबुक म्हणजे १,६७,७७,२१६ नमुने. सेकंदाला ५० फ्रेम धरल्या तर नुसत्या शोधासाठी सुमारे ८३९ कोटी गुणाकार! यावर कुलदीप पालीवाल आणि बिष्णु अटल यांनी १९९३ साली दाखवलेला उपाय फारच सुटसुटीत आहे. पहिले चार आकडे एका कोडबुकात, उरलेले सहा दुसऱ्यात, प्रत्येकाला १२ बिट. साठवायचे आकडे उरतात फक्त ४०,९६०, गुणाकार वीस लाखांच्या घरात. दोन तुकड्यांमधला संबंध मात्र यात हातचा जातो, त्यामुळे गुणवत्तेत थोडी तूट सोसावी लागते.

अंतर मोजताना सगळे आकडे सारखे धरू नयेत. दोन एलएसएफ अगदी जवळ आल्या की तिथे बहुधा वर्णपटाचं शिखर असतं आणि कान तिथली चूक लगेच पकडतो; म्हणून तिथे भार जास्त. सांध्याकडेही लक्ष हवं: दुसऱ्या कोडबुकातून आलेला पाचवा आकडा चौथ्यापेक्षा लहान निघाला तर या आकड्यांवरून आवाज पुन्हा घडवणारा फिल्टर अस्थिर होऊन आवाजात शिट्टी किंवा धमाका उमटू शकतो. त्यामुळे शोधतानाच क्रम मोडणारे नमुने वगळतात.

पास-नापास ठरवायला वर्णपटातली सरासरी चूक १ डेसिबलच्या आसपास, २ ते ४ डेसिबल चूक असलेल्या फ्रेम दोन टक्क्यांहून कमी आणि ४ च्या वर एकही नाही, हा निकष लावतात. सरासरी उत्तम असूनही दुसऱ्या अटीत नापास होणारी कोडबुकं बरीच निघतात.