म्हातारचळ: एका शब्दाने केलेला घोळ

बेळगावजवळच्या खानापूरच्या बाजारात मराठी माणूस ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणतो आणि शेजारचा कन्नड दुकानदार ‘अरवत्तक्के अरळु-मरळु’. दोन्ही भाषांनी साठीच धरली. पण पुरुषांच्या बाबतीत खरा घोळ केला तो ‘म्हातारचळ’ या शब्दाने. आजोबा घरची वाट विसरले की म्हातारचळ, आणि विधुर आजोबांनी दुसऱ्या लग्नाचा विषय काढला तरी म्हातारचळच. विसर आणि वासना एकाच गाठोड्यात बांधली गेली. उतारवयात एकाएकी भीड सुटणं, बायकांसमोर नको ते बोलणं हे मेंदूच्या पुढच्या भागाच्या आजाराचं लक्षण असू शकतं. पण घरचे लाजेपोटी गप्प बसतात आणि उपचार राहून जातात. माझ्या मते हा शब्द दवाखान्याच्या दारातून आत येताच कामा नये.

तेच गाठोडं शास्त्रानेही वाहिलं. १८८९ मध्ये पॅरिसमधल्या ७२ वर्षांच्या एका शास्त्रज्ञाने कुत्र्याच्या आणि गिनीपिगच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचला आणि अंगातली ताकद व बुद्धी दोन्ही परतल्याचं सांगितलं. १९३५ मध्ये टेस्टोस्टेरॉन, म्हणजे वृषणांत तयार होणारं पुरुषी संप्रेरक (हार्मोन), प्रयोगशाळेत तयार झालं. ‘अँड्रोपॉज’, म्हणजे पुरुषांची जणू ‘रजोनिवृत्ती’, हा शब्द नंतरचा, आणि तोही फसवाच. बायकांची पाळी थांबते तसं पुरुषांत काही थांबत नाही. चाळिशीच्या आसपासपासून टेस्टोस्टेरॉन वर्षाला साधारण १ टक्क्याने उतरत जातं.

२०१७ मध्ये अमेरिकेतल्या चाचणीचा निकाल आला. टेस्टोस्टेरॉन कमी असलेल्या आणि विसर पडू लागलेल्या, पासष्टी ओलांडलेल्या ४९३ पुरुषांपैकी काहींना वर्षभर टेस्टोस्टेरॉनचं जेल दिलं, बाकीच्यांना औषध नसलेलं. दोन्ही गटांच्या स्मरणशक्तीत फरक दिसला नाही.

विसरामागचा जनुकाचा धागा १९९३ मध्ये हाती लागला. एपीओई जनुकाचा ई-४ प्रकार अल्झायमरची, म्हणजे स्मृती हळूहळू पुसत नेणाऱ्या आजाराची, शक्यता वाढवतो. तो असला म्हणजे आजार होतोच असं नाही. २०१० मध्ये पन्नाशीतल्या जुळ्या भावांच्या अभ्यासात ई-४ आणि कमी टेस्टोस्टेरॉन दोन्ही असलेल्यांचाच हिप्पोकॅम्पस, म्हणजे आठवणी साठवायला लागणारा मेंदूचा भाग, लहान आढळला. एकटं जनुक किंवा एकटं संप्रेरक तेवढं करत नव्हतं.

आणि सीमाभागातली एक गोष्ट रक्ताच्या रिपोर्टात येत नाही: मराठी शाळेत शिकलेल्या आजोबांना स्मरणशक्तीचे प्रश्न कन्नडमध्ये विचारले, तर कमी पडलेले गुण भाषेचे की मेंदूचे, हे आधी पाहावं लागतं.