धातूंची अभिक्रियाशीलता श्रेणी

इलेक्ट्रॉन देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक असलेल्या धातूपासून सर्वांत कमी असलेल्या धातूपर्यंत लावलेली क्रमवारी. शालेय पुस्तकांत ती साधारणपणे अशी असते : पोटॅशिअम, सोडिअम, कॅल्शिअम, मॅग्नेशिअम, ॲल्युमिनिअम, जस्त, लोह, कथील, शिसे, हायड्रोजन, तांबे, पारा, चांदी, सोने. हायड्रोजन धातू नव्हे. कोणते धातू विरल आम्लातून हायड्रोजन सोडवतात आणि कोणते नाही, याची सीमारेषा म्हणून तो मधे बसवलेला असतो. वरचा धातू खालच्या धातूला त्याच्या क्षाराच्या द्रावणातून बाहेर काढतो. हे विस्थापन रशियन रसायनशास्त्रज्ञ निकोलाय बेकेटोव्ह यांनी १८६५ मध्ये पद्धतशीरपणे मांडले.

मोरचुदाच्या, म्हणजे कॉपर सल्फेटच्या, द्रावणात लोखंडी खिळा बुडवला की लोहाचा अणू दोन इलेक्ट्रॉन सोडून फेरस आयन होतो, म्हणजे त्याचे ऑक्सिडीकरण होते. तेच दोन इलेक्ट्रॉन घेऊन कॉपर आयनाचे तांबे होते, म्हणजे त्याचे क्षपण होते. सल्फेट आयन यात भाग घेत नाही. दोन्ही क्रिया एकाच वेळी घडतात. दहावीत हमखास होणारा गोंधळ असा : लोखंडाचे ऑक्सिडीकरण झाले म्हणून विद्यार्थी त्यालाच ऑक्सिडक लिहितो. प्रत्यक्षात इलेक्ट्रॉन देणारे लोखंड येथे क्षपणक, आणि ते घेणारा कॉपर आयन ऑक्सिडक.

श्रेणी अभिक्रिया होऊ शकते का एवढेच सांगते. किती वेगाने होईल ते सांगत नाही. इलेक्ट्रॉन घेण्याची ओढ व्होल्टमध्ये मोजणारे प्रमाण विद्युत विभव (जितके उणे, तितका धातू श्रेणीत वर) पाहिले तर जस्त उणे ०.७६, लोह उणे ०.४४ आणि तांबे अधिक ०.३४ व्होल्ट, म्हणून जस्त–तांबे जोडीत फरक १.१० व्होल्टचा पडतो. याच आकड्यांनुसार कॅल्शिअम (उणे २.८७) सोडिअमच्या (उणे २.७१) वर यायला हवे. पण पाण्याशी सोडिअम कितीतरी जोरात अभिक्रिया करते, म्हणून शालेय यादीत ते आधी येते. ही यादी अंशतः डोळ्यांना दिसणाऱ्या जोरावर बेतलेली आहे, हे शिकवताना सांगितलेले बरे.

प्रयोगासाठी २.५ ग्रॅम मोरचुदाचे खडे ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवून १०० मिलिलिटर द्रावण करतात. ते ०.१ मोलर भरते. परीक्षानळीत १० मिलिलिटर द्रावण घेऊन त्यात पॉलिश पेपरने घासलेला खिळा दोऱ्याने सोडतात आणि तुलनेसाठी दुसऱ्या नळीत नुसते द्रावण ठेवतात. एक-दोन मिनिटांत खिळ्यावर तांबूस थर दिसू लागतो, निळा रंग फिका पडायला मात्र पंधरा-वीस मिनिटे लागतात. १० मिलिलिटरमध्ये सुमारे ०.०६४ ग्रॅम तांबे असते आणि ते बाहेर काढायला ०.०५६ ग्रॅम लोह पुरते. म्हणजे संपते ते मोरचूद. खिळा जवळपास तसाच राहतो. द्रावण दाट केले तर थर चिकटून न बसता तपकिरी भुकटी होऊन तळाशी पडतो.

फसलेल्या प्रयोगांचे मूळ बहुधा धातूच्या पृष्ठभागात असते. हार्डवेअरच्या दुकानातून आणलेला पांढरट चकचकीत खिळा जस्ताचा मुलामा दिलेला निघतो. मग आधी जस्तच अभिक्रिया करते, काळपट स्पंजासारखा थर येतो आणि द्रावण हिरवट न होता रंगहीन होत जाते. स्टेनलेस स्टीलच्या खिळ्यावर तर काहीच दिसत नाही. ॲल्युमिनिअमचा फॉइल मोरचुदात तासभर पडून राहतो, कारण त्यावर ऑक्साइडचा पातळ, घट्ट थर असतो. चिमूटभर मीठ टाकले की क्लोराइड आयन तो थर फोडतात आणि द्रावण गरम होऊन तांबे झपाट्याने बाहेर पडते. मॅग्नेशिअमची फीत मोरचुदात टाकल्यावर बुडबुडेही येतात. ते हायड्रोजनचे असतात. विस्थापन चुकले असा त्याचा अर्थ नाही. सिल्व्हर नायट्रेटचे द्रावण नळाच्या पाण्यात केले तर त्यातल्या क्लोराइडमुळे सिल्व्हर क्लोराइडचा दुधट गढूळपणा येतो, तेव्हा येथे ऊर्ध्वपातित पाण्याला पर्याय नाही.

मुंबईच्या दमट हवेत हिराकसीची, म्हणजे फेरस सल्फेटची, बाटली नीट बंद नसेल तर हिरव्या स्फटिकांवर तपकिरी पापुद्रा धरतो. हवेतला ऑक्सिजन फेरस आयनाचा आणखी एक इलेक्ट्रॉन काढून त्याचे फेरिक करतो. द्रावण ताजेच करावे आणि त्यात विरल सल्फ्युरिक आम्लाचे चार थेंब टाकावेत. समुद्राकाठच्या खारट हवेत पत्र्यांवर जस्ताचा मुलामा देतात तो याच श्रेणीच्या आधारावर. ओरखडा पडला तरी आधी जस्त झिजते आणि लोखंड वाचते. कथलाचे वागणे भांड्यागणिक बदलते. कल्हई केलेल्या पितळी पातेल्यावर चरा पडला तरी कथील तांब्याच्या वर असल्याने आधी तेच जाते. कथलाचा मुलामा असलेल्या लोखंडी डब्यावर चरा पडला तर मात्र लोखंडच आधी गंजते. झवेरी बाजारात सोने शुद्ध करणारे गलाईवाले सोन्यातली चांदी नायट्रिक आम्लात विरघळवतात आणि त्या द्रावणात तांब्याची पट्टी सोडून ती भुकटीच्या रूपात परत मिळवतात. ६३.५ ग्रॅम तांबे खर्ची पडले की सुमारे २१६ ग्रॅम चांदी खाली बसते.

श्रेणीला अपवाद वाटावा असा एक प्रकार मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, लॅमिंग्टन रोडवर, सहज भेटतो. इलेक्ट्रॉनिक्सचे विद्यार्थी तेथून तांब्याचा पत्रा बसवलेले बोर्ड आणि फेरिक क्लोराइड नेतात. त्या तपकिरी द्रावणात नको असलेले तांबे विरघळून सर्किटच्या रेषा उरतात. तांबे लोहाच्या खाली असून विरघळते कसे? कारण तांबे येथे लोह धातू बाहेर काढत नाही. ते फेरिक आयनाचे क्षपण फक्त फेरसपर्यंत करते, आणि या जोडीचे विभव अधिक ०.७७ व्होल्ट, म्हणजे तांब्याच्या ०.३४ पेक्षा जास्त आहे, म्हणून फेरिक आयन तांब्याकडून इलेक्ट्रॉन घेतो. ‘लोह’ म्हणताना कोणते रूप अभिप्रेत आहे हे न पाहता श्रेणी लावली की उत्तर चुकते.

वापरलेले मोरचुदाचे द्रावण थेट बेसिनमध्ये ओतू नये, कारण तांब्याचे क्षार जलचरांना विषारी असतात. बादलीत लोखंडी कीस टाकून निळा रंग पूर्ण जाईपर्यंत रात्रभर ठेवावे, तळाची तांब्याची भुकटी गाळून वेगळी करावी आणि उरलेले पाणी भरपूर पाण्याबरोबर सोडावे. सोडिअमचे तुकडे केरोसीनमध्येच ठेवावेत. पाण्यावरच्या प्रात्यक्षिकाला तांदळाच्या दाण्याहून मोठा तुकडा घेऊ नये, आणि पोटॅशिअमचे प्रात्यक्षिक शाळेत करूच नये.