सोंस, मल्लाह आणि १९९१ साल

बिहारमध्ये गंगेतल्या डॉल्फिनला सोंस म्हणतात. सुलतानगंज ते कहलगाव हा गंगेचा सुमारे ६० किलोमीटरचा पट्टा १९९१ मध्ये विक्रमशिला गांगेय डॉल्फिन अभयारण्य म्हणून जाहीर झाला. तिथल्या संशोधक आणि मच्छीमारांच्या आजच्या नात्याचं मूळ मात्र सोंसात नाही, ते एका जुन्या भांडणात आहे.

देशातली जमीनदारी कायद्याने संपली तरी भागलपूरच्या या पाण्यावर ती शिल्लक होती. सुलतानगंजपासून पीरपैंतीपर्यंत मासेमारीचा हक्क मोजक्या घराण्यांकडे होता आणि मल्लाहांना, म्हणजे नदीवर होड्या चालवून मासेमारी करणाऱ्या समाजाला, त्या घराण्यांना पैसे मोजूनच जाळं टाकता येई. याविरुद्ध १९८२ मध्ये कहलगावात गंगा मुक्ती आंदोलन उभं राहिलं. जवळजवळ दशकभर झगडल्यावर ही ‘पाणीदारी’, म्हणजे पाण्यावरची जमीनदारी, गेली. नदी मोकळी झाली आणि त्याच सुमारास तिचं अभयारण्य झालं! वन खात्यात मल्लाहांना नवा पाणीदार दिसला असेल, तर त्यात नवल काय?

सोंसाशी त्यांचं वैर नव्हतं. अडचण होती ती तेलाची. सोंसाच्या चरबीचं तेल पाण्यावर सोडलं की बचवा, घारुआ असे मासे खेचले जातात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आली, तरी तेलाची गरज संपली नाही. पाटणा विद्यापीठाचे प्राध्यापक रवींद्रकुमार सिन्हा यांनी माशांच्या टाकाऊ भागांतून काढलेलं तेल नदीवर वापरून पाहिलं, तर तेही काम करतं असं दिसलं. नुसत्या मनाईपेक्षा हा मार्ग कितीतरी शहाणपणाचा होता.

जाळ्यांचा प्रश्न मात्र असा सुटण्यातला नाही. सोंसाच्या डोळ्यात भिंगच नसतं, तो आवाजाच्या प्रतिध्वनीवर वाट काढतो. नायलॉनच्या बारीक धाग्यात अडकला आणि श्वासासाठी वर येता आलं नाही, की गुदमरून मरतो. त्यात भागलपूरच्या पट्ट्यातल्या अभ्यासांतून दिसलं ते असं, की संगम, वळणं, खोल डोह अशा ज्या जागा सोंस निवडतो, त्याच मल्लाहही निवडतात. १९७५ मध्ये खालच्या अंगाला, पश्चिम बंगालमध्ये, गंगेवरचा फराक्का बंधारा सुरू झाल्यावर समुद्रातून वर येणारी हिलसा बिहारमध्ये दुर्मीळ झाली. मासे कमी झाले तशी जाळ्यांची वीण बारीक होत गेली. उन्हाळ्यात पाणी आटलं की दोघांची गाठ आणखी जवळून पडते.

२००९ मध्ये सोंस राष्ट्रीय जलचर ठरला, २०२० मध्ये ‘प्रोजेक्ट डॉल्फिन’ची घोषणा झाली. २०२५ मध्ये जाहीर झालेल्या पहिल्या देशव्यापी गणनेत ६,३२७ नदी-डॉल्फिनचा अंदाज आला. त्यातले ३ बियास नदीतले सिंधू डॉल्फिन, बाकी सारे गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातले. होडीतून मोजता येतात ते जिवंत सोंस. रात्री जाळ्यात मेलेला सोंस आधी दिसतो तो जाळं ओढणाऱ्याला, आणि त्याने तो मुकाट्याने पुन्हा पाण्यात सोडून दिला, तर तो कुठल्याच वहीत चढत नाही.