'हे तिकडे ठेव': फोनला बोलणं आणि बोट एकत्र कसं कळतं

एक मेसेज परत सगळीकडे फिरायला लागलाय. "दोन वर्षांत स्क्रीन जाणार, मेनू जाणार, तुम्ही फक्त बोलायचं, बाकी सगळं एआय करणार", आणि खाली रॉकेटचे इमोजी. हा मेसेज पुढे पाठवणाऱ्यांनी ह्युमेन नावाच्या अमेरिकन कंपनीचं काय झालं ते जरा आठवावं. शर्टाला लावायची एआय पिन, किंमत ६९९ डॉलर, स्क्रीन नाहीच, बोलायचं आणि फार तर तळहातावर लेझरने चार अक्षरं उमटवून घ्यायची. एप्रिल २०२४ मध्ये ती लोकांच्या हातात पडली आणि फेब्रुवारी २०२५ च्या शेवटी बंदसुद्धा झाली, एचपीने कंपनीची बरीचशी मालमत्ता ११.६ कोटी डॉलरना उचलली. ती गरम व्हायची, हळू चालायची, बऱ्याच तक्रारी होत्या, पण मला त्यातली सगळ्यात मूलभूत अडचण वेगळीच वाटते. कानाला यादी नीट दाखवता येत नाही.

कस्टमर केअरला फोन लावलाय तर हे माहितीच असेल. "बिलासाठी एक दाबा, तक्रारीसाठी दोन दाबा" करत करत ती बाई सहापर्यंत जाते, आणि तोवर आपण दोन कशासाठी होतं तेच विसरलेलो असतो, मग परत ऐकायला नऊ दाबा. आवाज एकामागून एक येतो, मागे वळून बघता येत नाही. डोळा मात्र वीस गोष्टींवरून एका क्षणात फिरतो, नको ते सोडतो, हवं ते पकडतो.

पण उलटंही तितकंच खरं आहे. मेनू दाखवतो ते फक्त वरवरचं, आतलं लपवून ठेवतो. अक्षरं मोठी करायची आहेत तर आधी सेटिंग, मग डिस्प्ले, मग फॉन्ट, आणि कंपनी बदलली की हा रस्ताही बदलतो. तिथं "अक्षरं मोठी कर" असं एक वाक्य तीन पायऱ्या एकदम ओलांडतं. म्हणजे आवाज कुठेही थेट उडी मारतो पण काय काय करता येतं ते सांगत नाही, मेनू काय काय करता येतं ते सांगतो पण चालायला लावतो. मग यातलं एक राहणार आणि एक जाणार ही मांडणीच मला पटत नाही. खरा प्रश्न आहे दोघांना एकत्र कसं आणायचं, आणि त्यावर काम करणारे लोक चाळीस वर्षांपूर्वीपासून आहेत.

१९८० साली अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात रिचर्ड बोल्ट यांनी एक प्रयोग मांडला, त्याचं नावच "पुट दॅट देअर", म्हणजे हे तिकडे ठेव. एक खोली, भिंतीएवढा पडदा, समोर खुर्चीत माणूस, त्याच्या मनगटाला चुंबकीय क्षेत्रावर चालणारा छोटा सेन्सर, त्यावरून हात पडद्यावर कुठे रोखलाय ते कळायचं. आवाज ओळखायला एनईसी या जपानी कंपनीचं मशीन, त्याला १२० शब्द यायचे आणि एका दमात जास्तीत जास्त पाच. माणूस म्हणायचा "तिथे निळा चौकोन काढ", मग "हे तिकडे ठेव", आणि मशीन तसं करायचं.

यात गंमत अशी की "हे तिकडे ठेव" या वाक्यात जवळजवळ काहीच माहिती नाहीये. फोनवर कुणी असं म्हणालं तर आपण विचारू, काय? कुठे? तरी मंडईत आपण दिवसभर असंच बोलतो, "मावशी, ती द्या अर्धा किलो", आणि बोट वांग्यांकडे. मावशी गोंधळत नाहीत, कारण अर्धं वाक्य तोंडात असतं आणि अर्धं बोटात.

(जाता जाता. मंत्रातलं एक अक्षर चुकलं की फळ मिळत नाही असं सांगणारे लोक असतात, आणि फळ नाही मिळालं की "उच्चार चुकला असेल" म्हणायला मोकळे. जुन्या व्हॉइस कमांडचा थाटही तसाच होता, ठरलेले शब्द ठरलेल्या क्रमाने म्हणा नाहीतर काही होणार नाही. फरक एवढाच की इथे चूक म्हणणाऱ्याच्या माथी मारली नाही, मशीनची धरली, मोजली, म्हणून पुढे सुधारली.)

आता माझा आवडता भाग, इथे जरा थांबणार आहे. मशीनने ही दोन अर्धी वाक्यं, तोंडातलं आणि बोटातलं, जोडायची कशी? पहिला सुचणारा उपाय म्हणजे "हे" शब्द ऐकू आला त्या क्षणी बोट कुठे होतं ते बघायचं. साधा आहे पण लंगडा आहे, कारण माणसं तशी वागत नाहीत. शॅरन ओव्हिएट या अमेरिकन संशोधक, त्यांनी लोकांना नकाशावर पेनने आणि आवाजाने कामं करायला लावून बारकाईने बघितलं, तेव्हा दिसलं की बोलणं आणि दाखवणं पुष्कळदा एका वेळी होतच नाही, आणि मागेपुढे होतं तेव्हा पेन आधी टेकतं, शब्द नंतर येतात.

अमेरिकेत ओरेगन ग्रॅज्युएट इन्स्टिट्यूटमध्ये क्विकसेट नावाची सिस्टिम होती, टॅबलेटवर नकाशा, हातात पेन, समोर माइक, आणि वापरणारे अमेरिकन सैन्यातले लोक, सरावात कुठली तुकडी कुठे आणि अडथळे कुठे हे नकाशावर मांडायला. तिच्यामागची युक्ती मायकल जॉन्स्टन, फिल कोहेन, ओव्हिएट आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली माद्रिदच्या परिषदेत मांडली. युक्तीचं नाव युनिफिकेशन, म्हणजे एकीकरण. मूळ कल्पना त्याहून जुनी, १९६५ मध्ये जॉन ॲलन रॉबिन्सन यांनी तर्कशास्त्रातल्या सिद्धतांसाठी काढलेली, पुढे प्रोलॉग ही अख्खी प्रोग्रॅमिंगची भाषा तिच्यावर उभी राहिली.

कल्पना अशी. प्रत्येक आज्ञा म्हणजे काही रकाने असलेला फॉर्म समजा. काय करायचं, कुठली वस्तू, कुठली जागा. तुम्ही म्हणालात "काटेरी तार". आवाजाचं मशीन फॉर्म भरतं: काय करायचं, तर नवीन वस्तू ठेव; वस्तू, काटेरी तार; जागा, रिकामी, पण शेजारी शेरा की इथे रेषाच हवी, कारण तारेचं कुंपण एका टिंबावर उभं राहत नाही. तिकडे पेनचं मशीन स्वतःचा फॉर्म भरतं: काय करायचं, रिकामं; वस्तू, रिकामी; जागा, या टोकापासून त्या टोकापर्यंत रेषा. आता दोन फॉर्म एकावर एक ठेवायचे. रिकामा आणि भरलेला रकाना मिळून भरलेला, दोन्हीकडे तेच लिहिलं असेल तर तेच, आणि दोन्हीकडे वेगळं लिहिलं असेल तर जोडी बाद. बस, एवढाच नियम. वर वेळेची अट, की बोलणं आणि पेन एकाच वेळी चालू असलं पाहिजे किंवा पेन उचलल्यापासून ४ सेकंदांच्या आत बोलणं सुरू झालं पाहिजे. यात आवाज हा मालक आणि पेन हा नोकर असं काही नाही, कुणीही कुठलाही रकाना भरावा, हे मला फार सुंदर वाटतं.

आणि खरी करामत पुढे आहे. दोन्ही मशीन्सना खात्री नसते, दोघंही अंदाजांची यादी देतात. समजा पेनचं मशीन म्हणतं, हे टिंब असण्याची शक्यता ०.६, छोटीशी रेषा असण्याची ०.४. आवाजाचं म्हणतं, "काटेरी तार" ०.७, "पलटण" ०.३. (आकडे समजावायला घेतलेत.) पलटणीला टिंब लागतं, तारेला रेषा. मग चार जोड्यांपैकी तार-टिंब आणि पलटण-रेषा या जुळतच नाहीत, बाद. उरल्या दोन. तार-रेषा म्हणजे ०.७ गुणिले ०.४, ०.२८. पलटण-टिंब म्हणजे ०.३ गुणिले ०.६, ०.१८. जिंकली तार-रेषा. म्हणजे पेनच्या मशीनचा पहिला अंदाज चूक होता आणि तो आवाजाने दुरुस्त केला, उलटंही होतं, आणि कधीकधी तर दोघांचेही पहिले अंदाज चूक असतात आणि दोघांचे दुसरे अंदाज जुळून बरोबर उत्तर निघतं. गुणाकार करताना आपण गृहीत धरतो की दोघांच्या चुका एकमेकांशी संबंधित नाहीत, ते बऱ्याच अंशी ठीकच, आजूबाजूला गोंगाट असेल तर माइक गोंधळतो, पेन नाही. खड्ड्यातून जाणाऱ्या एसटीत मात्र दोघंही हलतील, ते वेगळं.

याचा फायदा कुणाला, तर आपल्यासारख्यांना. ओव्हिएट यांनी १९९९ मध्ये अशी दोन हजारांहून जास्त बोलणं-आणि-पेन वाक्यं तपासली, काही इंग्रजी मातृभाषा असलेल्यांची, काही परक्या ढंगाने इंग्रजी बोलणाऱ्यांची. नुसत्या आवाजावर दुसऱ्या गटाचे निकाल खूपच वाईट. पण आवाज आणि पेन एकत्र केल्यावर दोन्ही गटांत फरकच उरला नाही. उच्चार सुधारायचा क्लास न लावता.

हेच मराठीत घरच्या घरी ताडून बघता येईल असं उदाहरण देतो. आपले आकडे किती फसवे आहेत बघा, सदतीस आणि सदुसष्ट, अडतीस आणि अडुसष्ट, घाईत बोललं तर माणसालाही दोनदा विचारावं लागतं. आता समजा स्क्रीनवरच्या प्रत्येक बटणाला नंबर चिकटवलाय आणि एकूण नंबर आहेत चाळीस. ऐकणाऱ्या मशीनला सदुसष्ट वाटलं तरी स्क्रीनवर ६७ नाहीच, त्यामुळे ते सदतीसच असणार. म्हणजे स्क्रीन नुसती दाखवत नाही, ती ऐकायलाही मदत करते, समोर काय आहे हे माहीत असलं की कानावरचं ओझं कमी होतं. स्क्रीन काढून टाका म्हणणाऱ्यांच्या हे लक्षात येत नाही, की स्क्रीनबरोबर आवाजाचा हा टेकूही जातो.

नंबर चिकटवणं ही माझी कल्पना नाही हं. अँड्रॉइडवर व्हॉइस ॲक्सेस २०१८ पासून आहे, ॲपलचं व्हॉइस कंट्रोल २०१९ पासून. ॲक्सेसिबिलिटीच्या सेटिंगमध्ये जाऊन चालू करा, इंग्रजीत "शो नंबर्स" म्हणा, आणि अख्ख्या स्क्रीनवर बारीक बारीक आकडे उगवतात, मग "टॅप सेव्हन" म्हटलं की सात नंबरचं बटण दाबलं जातं. ज्यांचे हात चालत नाहीत त्यांच्यासाठी केलेली सोय, पण पीठ मळताना कुणालाही उपयोगी.

बटणाचं नाव घेतलं तरी ते दाबलं जातं. फोनला ते नाव कळतं कसं? प्रत्येक स्क्रीनच्या मागे एक अदृश्य झाड असतं, ॲक्सेसिबिलिटी ट्री म्हणतात, त्यात प्रत्येक गोष्टीची नोंद, हे बटण आहे, याचं नाव "शोधा", हे इथे आहे, आत्ता दाबता येतं की नाही. मुळात हे अंध लोकांना स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी आलं. आवाजाने बटण दाबणारं सॉफ्टवेअर तेच झाड उलट्या बाजूने चढतं.

आणि इथेच आपल्याकडची ॲप्स माती खातात. एका पेमेंट ॲपमध्ये हा प्रयोग केला तर खालच्या पट्टीतल्या पाचपैकी तीन चित्रांना नावच नव्हतं, स्क्रीन रीडर नुसतं "अनलेबल्ड बटण" म्हणत होता. दिसायला चकाचक, ऐकायला मुकं. दुसरा प्रकार अजून चीड आणणारा, बटणावर लिहिलंय "पाठवा" आणि आतल्या झाडात नाव "सबमिट फॉर्म", मग तुम्ही "पाठवा, पाठवा" करत बसा. वेबच्या सुगम्यतेचे, म्हणजे वेबसाइट अपंगांनाही वापरता याव्यात म्हणून केलेले, डब्ल्यूसीएजी म्हणून जे नियम आहेत त्यांच्या जून २०१८ च्या आवृत्तीत २.५.३ हा नियम फक्त याचसाठी आहे, की बटणावर जे शब्द दिसतात ते आतल्या नावात असलेच पाहिजेत. डेव्हलपरला पाच मिनिटांचं काम.

याच्या पुढची पायरी म्हणजे बटणाच्या ऐवजी कृतीलाच नाव द्यायचं. ॲपलने २०२२ मध्ये आयफोनच्या आयओएस १६ बरोबर ॲप इंटेंट्स आणलं त्यात हेच आहे, डेव्हलपर एकदाच सांगतो की माझ्या ॲपमध्ये अमुक काम होतं आणि त्याला एवढे रकाने लागतात, मग ते काम सिरीला, म्हणजे ॲपलच्या बोलक्या मदतनिसाला, आवाजाने सांगता येतं, शॉर्टकट्स ॲपमध्ये बोटाने जोडता येतं, सर्चमध्येही सापडतं. कृती एक, दारं तीन. आणि रकाने म्हटल्यावर तुमच्या लक्षात आलं असेल, हा परत आपला तो माद्रिदचा फॉर्मच आहे, कुठल्याही दाराने आत या, रिकामा राहिलेला रकाना सिस्टिम तुम्हाला विचारणार. बोलून विचारेल किंवा पर्याय समोर मांडेल. मेनूकडे असं बघायला लागलं की त्याचा रागच येत नाही, मेनू म्हणजे रिकाम्या रकान्याचा प्रश्न, उत्तरांसकट.

पैशाच्या व्यवहारात हे फार स्वच्छ दिसतं. सप्टेंबर २०२३ मध्ये यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने मुंबईत "हॅलो यूपीआय" जाहीर केलं, बोलून पैसे पाठवायची सोय, सुरुवातीला हिंदी आणि इंग्रजीत. आता कल्पना करा, "सचिनला पाचशे पाठव". कृती भरली, रक्कम भरली, पण फोनमध्ये सचिन चार आहेत, एक दूधवाला, एक मेहुणा, दोन ऑफिसातले. चारही सचिन बोलून वाचून दाखवणं म्हणजे परत ती कस्टमर केअरवाली बाई. इथे चार नावं फोटोसकट समोर यावीत आणि बोट टेकवावं, किंवा "दूधवाला" म्हणावं, दोन्ही चालावं. रक्कम ठळक दिसावी, कारण पाचशे आणि पाच हजार यात गोंधळ झाला तर तो डोळ्यालाच पटकन पकडता येतो. आणि पिन, तो तर त्यांनीही बोटानेच टाकायचा ठेवला होता. दुकानाच्या गर्दीत उभं राहून तो कोण मोठ्याने बोलणार?